तीन बादशहांचा डाव

निपाणी,
१८ जानेवारी

चि. सौ. सोनल हिला आप्पांचा आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

इकडं सगळे बरे आहोत. तुझा नवरा अभिनंदन दुकानात आहे. तुझ्या सासूच्या, तारामतीच्या, पायाचं प्लास्टर अजून तसंच आहे, पण तोंडाला काही लागलेलं नाही, त्यामुळं घर चाललंय. टिळकवाडीत थंडी असेल, कानाला बांधून शाळेत जात जा.

काल तू फोनवर म्हणालीस, "आप्पा, तुम्ही मुद्दाम हरून मला नोकरीला पाठवलंत. आता आईंचा पाय मोडलाय, मी राजीनामा देऊन परत येते. तुमचे उपकार फेडायची हीच वेळ आहे." मी नुसतं "बघू, बघू" करत राहिलो, कारण तारामती शेजारीच बसलेली. म्हणून हे पत्र.

परवा बस्तीच्या मंदिरात पूजेनंतर जयाबाई चारचौघांत म्हणाल्या, "सुनेला नोकरी करता यावी म्हणून पत्त्यात हरणारा सासरा सगळ्या निपाणीत एकच!" मला पुढं बसवलं. मे महिन्यापासून हे असंच चाललंय. दोघं-तिघं सासरे सल्ला विचारायला येऊन गेले. मी दिला पण! आणि तारामती तेव्हापासून पाय मोडेपर्यंत न मागता तूप वाढायची. उभ्या संसारात असं कधी झालं नव्हतं गं.

आता त्या डावाचं. तू जिंकलीस तर बेळगावची नोकरी, मी जिंकलो तर तू घरात, अशी आपली पैज. ओमाहा हा पत्त्यांचा खेळ तूच शिकवलास. प्रत्येकाच्या हातात चार पानं, त्यातली दोनच घ्यायची, मधे पडलेल्या पाचांतली तीन जोडायची. खेळ पैशांवर नाही, चिंचोक्यांवर, म्हणून तारामतीनं चालवून घेतला. मला चारांत दोन बादशहा आले. मधली पहिली तीन पानं उलटली तर किलवर बादशहा, बदाम नव्वी, बदाम चौकी. माझे तीन बादशहा! त्या घडीला त्याच्यावर दुसरा हातच नाही.

तू पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, "आप्पा, चांगला हात लागला की लगेच जोर लावा. अजून दोन पानं पडायची असतात." पण ऐकेल तो अण्णाप्पा कसला! म्हटलं, पोरगी घाबरून पत्ते टाकेल, त्यापेक्षा गोडीगुलाबीनं सगळे चिंचोके काढून घेऊ. एकही न लावता "चालू दे" म्हटलं. चौथं पान आलं बदाम सत्ती. तुझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम छक्की. पाच बदाम जमले, म्हणजे तीन बादशहांच्या वर! तू सगळं लावलंस, मीही बादशहांच्या तोऱ्यात सगळं पुढं सारलं. पाचवी आली इस्पिक दुर्री आणि मी उताणा.

तू म्हणालीस, मी आधीच जोर लावला असता तर तू पत्ते टाकणार होतीस. तीन बादशहा धरून कुणी गप्प बसतं का, म्हणजे आप्पा मुद्दामच हरले, असं तू धरून चाललीस. मी नाही म्हटलं नाही.

तर उपकार कसले, सोनल? मी हावरटपणा केला. तुला घरात थांबवायलाच बसलो होतो. तू मला धुतलंस. ती नोकरी तुझी जिंकलेली आहे, मला परत द्यायची नाही.

इथवर लिहिलं आणि मागून खाटेवरून तारामतीचा आवाज आला, "कुणाला लिवताय एवढं?" थापा मारायचा कंटाळा आला बघ. सगळं वाचून दाखवलं. ती आपली हसतेय!

"मला ठाव हाय की. तुमच्या मागं तांदूळ निवडत बसलेली मी. तुमचे बादशहा बघितले आणि देवाला हात जोडले, पोरीला पायजे ते पान पडू दे म्हणून."

"मग तूप कशाला वाढत होतीस?"

"हरलेल्या माणसाला वाढायला नको व्हय?"

तिचा निरोप आहे तसा लिहितो: "पाय माझा मोडलाय, तुझी नोकरी न्हाय. राजीनामा दिलास तर दारातनं परत लावून देईन. रविवारी ये, पत्ते घेऊन ये, मलाबी चार पानं वाट."

भाकरी सध्या मीच थापतोय. गोल होत नाही, पण तारामती खाते. बस्तीत मात्र अजून कुणाला काही बोललो नाही.

तुझा सासरा,
खराखुरा हरलेला
अण्णाप्पा