एक दिवस मागे ढकललेल्या गारा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, चौतीस वर्षे घराच्या मागच्या अंगणातल्या हवामान केंद्राची पगारी निरीक्षक आणि त्यानंतर बिनपगारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्याला किंवा दडपणाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळी साडेआठला अंगणातल्या तापमापकाच्या पेटीत पारा एकोणीस पूर्णांक चार अंशांवर होता, वारा नव्हता आणि आकाशाच्या आठ भागांपैकी सहा भागांत ढग होते. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण मृत्युपत्र लिहायला कान लागत नाही.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते सहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात केले होते आणि त्यात धाकट्या मुलीच्या नावापुढे फक्त एक आडवी रेघ होती. ते मी या कागदाने रद्द करते. आमच्या खात्यात आडवी रेघ म्हणजे ‘नोंद घेतली नाही’. पोटच्या मुलीपुढे ती ओढायला माझा हात कसा धजावला, ते माझे मलाच कळत नाही.

कलम २. माझ्या पलंगाखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकसष्ट पोस्टकार्डे आहेत. थोरलीच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा मी मुख्य कार्यालयाकडून ठिकठिकाणच्या केंद्रांचे पत्ते मागवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लिहिला: तुमच्या भाषेत हवेवरून मुलींची कोणती नावे ठेवतात?

साहेब म्हणाले, “बाई, हे काय ऑफिसचं काम आहे?”

मी म्हटले, “नाही साहेब. म्हणून तर तिकिटं मी घरून आणलीत.”

उत्तरे दोन वर्षे येत राहिली. झुलूत पावसात जन्मलेली ती नोमवुला, सेसोथोत पुलेंग, लुओत अकोथ. फारसीत पाऊस म्हणजे बारान, तुर्कीत यामुर. तमिळमध्ये दक्षिणेकडून येणारी झुळूक तेंड्रल. स्पॅनिशमध्ये दव म्हणजे रोसियो, अरबीत नदा. व्हिएतनामीत बर्फ तुयेत, आणि आइसलँडच्या भाषेत नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ म्यॉल. एका गृहस्थांनी तर प्रश्न बाजूलाच ठेवला आणि लिहिले, ‘माझ्या मुलीचे नाव पिल्वी, म्हणजे ढग. फार रडते.’ आपल्या वर्षा, मेघना, दामिनी मी आधीच लिहून ठेवल्या होत्या. साऱ्या जगाच्या आया माझ्यासारख्याच खिडकीतून बाहेर बघत बसतात, हे कळल्यावर मला जो अभिमान वाटला तो पुढे बढतीच्या पत्रानेही वाटला नाही.

त्यावरून मी घरात एक नियम केला. मुलगी जन्मेल त्या घटकेची हवामानाची जी नोंद असेल, तिच्यातून नाव. आवडीनिवडीला वाव नाही. हा डबा तिघी मुलींच्या सामाईक मालकीचा राहील. पुढे घरात जिला मुलगी होईल तिने तो उघडावा. आधी खिडकीबाहेर बघावे, मग डब्यात. उलटे करू नये. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम ३. राहते घर, तीन खोल्या आणि मागचे अंगण, थोरलीला द्यावे. ती झाली तेव्हा चौदा तास संथ पाऊस लागला होता, ना वारा ना वीज. अशा बिनगडगडाटाच्या झडीला अरबीत डीमा म्हणतात, म्हणून ती डीमा. शाळेत गणित शिकवते. आवाज न चढवता चाळीस पोरे गप्प बसवते. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात चार वर्षे तिने त्यांचेही केले आणि माझेही, आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मी असते तर रोज दाखवले असते. घराबाबत अट एकच: अंगणात फरशी घालू नये. पेटीखाली गवतच हवे, नाहीतर पारा खोटे बोलतो.

कलम ४. माझे यजमान काचवाले होते. त्यांचे दुकान, काच कापायची हिऱ्याची कलम, लाकडी पट्ट्या आणि काचा उचलायच्या रबरी पकडी मधलीला द्याव्यात. ती झाली तेव्हा वाऱ्याने सुईणीची छत्री शेजारच्या छपरावर नेऊन ठेवली होती, म्हणून ती टूली. फिनिश भाषेत वारा. नावाप्रमाणेच एका जागी ठरत नाही. उंच इमारतींच्या बाहेर दोराला लटकून काचा बसवते. तिला खालून बघताना मी खांब धरून उभी राहते, पण मान मात्र ताठ होते. कलमेचा हिरा तिनेच दोनदा बदलून घेतला आहे. तेव्हा तो मुळात कोणाचा, हा वाद कोणी काढू नये.

कलम ५. बँकेत जे असेल ते तिघींनी सारखे वाटून घ्यावे. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

माझ्या दिरांकडे आमची शिडी बावीस वर्षे आहे. ती त्यांनाच राहू द्यावी. मात्र माझ्या पश्चात चार माणसे जमतील तेव्हा त्यांनी एकदा मोठ्याने म्हणावे की शिडी वहिनींची होती. एवढ्याने भागेल.

दिवाणखान्यात काचेत लावलेले एक पत्र आहे. त्यात त्या वेळच्या साहेबांनी विचारले आहे की, ‘स्त्री निरीक्षक मुसळधार पावसात यंत्रापर्यंत जाऊ शकेल काय?’ त्याच्या मागच्या बाजूला मी चौतीस वर्षांचा हिशेब चिकटवला आहे: हवामानाचे हुकलेले वेध, शून्य. तसबीर कार्यालयाला परत करावी. भिंतीला लावतील तेव्हा मागची बाजू पुढे करावी.

कलम ६. आता धाकटी. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

हुकलेले वेध शून्य, हे खरे. खोटा वेध मात्र एक आहे. तो धाकटीच्या जन्माच्या दिवसाचा.

त्या दुपारी मला कळा सुरू झाल्या होत्या, तरी तीनचा वेध घ्यायला मी अंगणात गेले. सुईण मागून ओरडत होती, “अगं बाई, पोर अंगणात पडेल!” मी पारा वाचला, ढग मोजले, आणि पाच मिनिटांत गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. यजमानांनी दुकानासाठी आणलेल्या नव्या काचा अंगणात उभ्या होत्या, त्यांतली एक वाचली नाही. तीन चाळीसला धाकटी झाली. सासूबाईंनी तिला बघण्याआधी काचांचा खच बघितला आणि म्हणाल्या, “पांढऱ्या पायाची आली. येतानाच घर फोडून आली.”

सहाव्या दिवशी नावाचा विषय निघाला. “नियम तुझाच ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग ठेव नाव गारपीट. हाक मारताना सगळ्यांच्या लक्षात राहील.”

मी डबा उपसला. एकसष्ट कार्डांत गारेवरून मुलीचे नाव एकही नव्हते. विजेवरून चालते, वादळावरून चालते, पण गारेला कोणी आपली म्हणत नाही. उभ्या जन्मात कधी घाबरले नाही ती त्या दिवशी घाबरले. या पोरीला जन्मभर कोणी ना कोणी त्या काचा ऐकवणार, असे डोळ्यांसमोर आले.

आमच्याकडे वेध जागेवरच कच्च्या वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि शनिवारी पक्क्या नोंदपुस्तकात शाईने उतरवायचे, अशी पद्धत होती. त्या शनिवारी अंथरुणात बसून मी गारा एक दिवस मागे ढकलल्या. धाकटीच्या दिवसापुढे लिहिले, ‘आकाश निरभ्र, कोवळे ऊन.’ आणि त्या उन्हातून नाव काढले टेस्नी. वेल्शमध्ये उन्हाची ऊब. सासूबाई सरकारी शिक्क्याशी कधी वाद घालत नसत. नोंदपुस्तक त्यांच्यापुढे धरले तशा त्या गप्प झाल्या, आणि दोन वर्षांनी स्वतःच लोकांना सांगू लागल्या की गारा आदल्या दिवशीच्या. महिन्याने मुख्य कार्यालयाचे पत्र आले की शेजारच्या तिन्ही केंद्रांवर गारपीट तुमच्या नोंदीच्या दुसऱ्या दिवशी आहे, नोंद तपासावी. मी उत्तर दिले, ‘नोंद बरोबर आहे.’ खाली सही.

धाकटी माझ्यामागे त्याच खात्यात गेली आणि माझ्यापेक्षा वर गेली. आज जुन्या नोंदींच्या विभागाची ती प्रमुख आहे. तिने एखादी नोंद खरी म्हटली की ती खरी. सहा वर्षांपूर्वी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर चार कागद मांडले. तीन केंद्रांच्या नोंदी, आणि माझे ते उत्तर.

“आई, माझ्या दिवशी गारा पडल्या होत्या ना?”

मी भांडी पुसत होते. म्हटले, “नोंद बरोबर आहे.”

“एकदाच विचारतेय. पुन्हा नाही विचारणार.”

“चौतीस वर्षं वेध घेतलेत मी. मला शिकवू नकोस.”

तिने कागद गोळा केले. “मग तुझी चौतीस वर्षं मला बाजूला ठेवावी लागतील. एक नोंद ढकललेली असेल तर बाकीच्यांवर कसा विश्वास ठेवू?” दारात थांबून म्हणाली, “आणि एवढं सांग, तुला गारांची लाज वाटली की माझी?”

मी पातेले पुसत राहिले. ते केव्हाच कोरडे झाले होते.

तेव्हापासून माझ्या केंद्राच्या सगळ्या नोंदींवर तिच्या सहीने ‘अविश्वसनीय’ असा शिक्का आहे. ती येते, “औषध घेतलंस का?” विचारते, पाणीही न घेता जाते. मी रागावले, रेघेचे ते मृत्युपत्र केले, वर्षभर धुसफुसले. पण खरे लिहायचा कागद आहे म्हणून लिहिते: त्या शिक्क्याचा मला अभिमान आहे. आईचे नाव बघून जी कचरली नाही, तिला मीच वाढवले आहे. मी त्या शनिवारी कचरले होते.

आणि लाजेबद्दल. नाही ग बाळा. एक क्षणही नाही. त्या गारांनी आमच्या काचा फोडल्या तशा अख्ख्या गावाच्या फोडल्या, आणि तुझ्या वडिलांना पुढे वर्षभर जेवायला फुरसत मिळाली नाही. या घराची तिसरी खोली त्या कामातून उभी राहिली. तू पांढऱ्या पायाची नव्हतीस, लक्ष्मी होतीस. हे मी सासूबाईंना तोंडावर सांगायला हवे होते. त्याऐवजी मी आकाश बदलले.

कच्च्या वह्या वर्षाने रद्दीत टाकाव्यात असा खात्याचा नियम होता. मी एकही टाकली नाही. चौतीस वर्षांच्या चौतीस वह्या, अंगणात, वाऱ्यापावसात पेन्सिलीने लिहिलेल्या, हिरव्या ट्रंकेत आहेत. त्या मी धाकटीला देते. तिने शाईची प्रत्येक ओळ पेन्सिलीच्या ओळीशी ताडून पाहावी. एक दिवस आणि त्याचा आदला दिवस सोडून कुठे फरक सापडला, तर शिक्का राहू द्यावा.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला ठाऊक आहे. कलम सहा मात्र तोवर थांबणार नाही. समोरासमोर बोलायला मी तीनदा तिच्या कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आले. पायऱ्या अकरा आहेत. वर चढणे झाले नाही. म्हणून या कागदाची नक्कल आणि ट्रंक आजच तिच्याकडे जात आहे.

त्या दिवसाच्या पानावर खूण घातली आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, कारण निम्मे कळांमध्ये लिहिले आणि निम्मे अंथरुणात. घरातला जुना शब्दकोश त्या संध्याकाळी मी उशाशी मागवला होता आणि त्यात गारेला आपल्याच भाषेतला एक शब्द सापडला होता. तो लिहिला, आणि सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. पान असे आहे:

‘३.०० पारा २४.१, पश्चिमेला काळे ढग. ३.०५ गारा सुरू, लिंबाएवढ्या. ३.१६ थांबल्या. ३.४० मुलगी. रडणे खणखणीत. नाव करका.’

नोंद बरोबर आहे.

ठिकाण: मागचे अंगण, पेटीजवळ.
वेळ: सकाळचे साडेदहा. ढग आठापैकी चार.
सही: निरीक्षक, निवृत्त.

साक्षीदार पहिला, शेजारचा घड्याळजी: बाईंनी माझ्यासमोर सही केली. ढग मीही मोजले, चारच आहेत.

साक्षीदार दुसरी, गल्लीची डाकवाली: सही माझ्यासमोर झाली. ट्रंक डाकगाडीत चढवली आहे. बाई अंगणात थांबणार होत्या, पण आता म्हणतात, मीही गाडीत बसते, आज अकरा पायऱ्या चढायच्या आहेत.