उजागरे सरांच्या गाडीचा आवाज मी घालवला त्याची हकिकत

नगर, मंगळवार

ती. मरिया आत्यास,
योहानचा सलाम आणि जय ख्रिस्त.

तुझे गुडघे कसे आहेत? श्रीरामपूरच्या त्या नव्या तेलानं फरक पडला का, की शेजारीणबाईंना देऊन टाकलंस? आम्ही सगळे देवाच्या दयेनं खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून. फोनच करणार होतो, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "मुद्द्यावर ये" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर आराधना. (हो, तीच. सावेडीतल्या उजागरे सरांची. कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.) मला तिच्याशीच लग्न करायचंय. तिलाही चालेल, असं ती रागात नसली की म्हणते. अडचण सरांची. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून त्यांची जुनी गाडी आराधनाच चालवते, आणि ती गाडी उजवीकडे वळली की कट्-कट्-कट् वाजते. डावीकडे वळली तर गुपचूप. आता त्यांच्या फाटकातून डावीकडे चर्च, बाजार, तिची शाळा, म्हणजे सगळं जग आहे. उजवीकडे पिठाची गिरणी आणि आपलं घर. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसतात, आणि कट्-कट् ऐकू आलं की लगेच फोन लावतात, "दळण काढलंस का गं?" महिन्यात किती वेळा दळण काढणार, आत्या? सर गाडी दुरुस्तही करत नाहीत. "वाजू दे की, चालतीय ना?" म्हणतात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा आवाज मीच घालवतो.

तू म्हणशील, तुला काय येतं? अगं, मी मेकॅनिकलला होतो. (प्राध्यापकांनी माझ्या ड्रॉइंगला रांगोळी म्हटलं म्हणून मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, हे तुला ठाऊक आहेच. त्यावर पुन्हा चर्चा नको.) फक्त स्टिअरिंग तिसऱ्या वर्षाला होतं.

शनिवारी आराधना क्वायरच्या प्रॅक्टिसला म्हणून निघाली आणि गाडी घेऊन मैदानावर आली. अशा आवाजाची तपासणी म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, गाडी गोल-गोल फिरवायची आणि कान लावायचा. मी चालवायला बसलो, आराधना शेजारी, आणि माझा दोस्त सॅम मागची डिकी उघडी ठेवून आत आडवा झाला, कान पत्र्याला. थोड्या चकरा झाल्यावर तो ओरडायला लागला, "थांबव रं, लई फिरतंय!" मला वाटलं, चाक फिरतंय म्हणतोय, म्हणून वेग वाढवला. मग सॅमनं सकाळचे पोहे मैदानाला परत केले. तिथे क्रिकेट खेळणारे अंगावर आले, त्यांच्याशी माझं वाजलं, एकाची कॉलर माझ्या हातात आणि माझी त्याच्या. एवढ्यात आराधना खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "भांडून झालं असेल तर ऐका. आवाज माझ्या बाजूनं येतोय."

मी म्हटलं, शक्यच नाही. उजवीकडे वळताना वाजतं, तर दोष उजव्या चाकातच असणार, साधी गोष्ट आहे. आणि मी उजवं चाक काढलं. आत सगळं झकास. पुन्हा बसवलं. तिनं नुसतं डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. (लग्नानंतरचं आयुष्य मला तिथे लख्ख दिसलं.) डाव्या चाकामागची रबरी टोपी फाटून ग्रीस उडून गेलं होतं आणि जॉइंट कोरडाच घासत होता. उजवीकडे वळताना जोर डाव्या चाकावर येतो म्हणे. बन्सीच्या गॅरेजात नवा जॉइंट बसवला. गाडी अशी वळायला लागली, जणू मांजर सोफ्यावरून उतरतंय.

आता काल संध्याकाळचं. गिरणीजवळच्या कठड्यावर मी, सॅम आणि मंडळी बसलो होतो. आनंदात होतो, म्हणून मी उजागरे सर करून दाखवत होतो. घरगुती उपासनेत ते चहा निवेपर्यंत प्रार्थना करतात ना, तशी. टॉवेलचा मफलर केला, डोळे मिटले आणि त्यांच्याच आवाजात सुरू केलं, "हे दयाळू पित्या, त्या मेकॅनिकलवाल्या कार्ट्याला सावेडीपासून लांब ठेव, माझी गाडी वाजती ठेव, आणि माझ्या लेकीला डावीकडेच वळव..." मंडळी एकदम गप्प झाली. मला वाटलं, भक्तिभाव आला. अजून थोडी वाढवली, त्यांच्या दाताच्या कवळीसाठीही आभार मानले.

मागून कुणीतरी सावकाश म्हणालं, "आमेन."

आत्या, गाडी माझ्या पाठीमागेच उभी होती. आधी कट्-कट् ऐकू आलं की मी टॉवेल खिशात घालून सभ्य व्हायचो. तो आवाज मीच काढून टाकला होता! आराधना स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली होती. (हसत होती की रडत होती, खांद्यांवरून कळेना.) सरांनी काच पूर्ण खाली घेतली. "आवाज तू घालवलास?" मी मान हलवली. "रविवारी उपासनेनंतर घरी ये. एकटा नको. घरचं कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये." आणि गाडी वळून गेली, एवढासुद्धा आवाज न करता. मला अभिमानही वाटला, आणि मग मी टॉवेल खिशात घातला.

बाकी ठीक. गुडघ्यांना जप. जिने चढू नकोस.

तुझा लाडका,
योहान

ता.क. : जिने चढू नकोस म्हटलं, पण सरांचं घर तळमजल्यावरच आहे. रविवारी तू चल. पप्पांना नेलं तर सर काही बोलायच्या आधीच ते "बरोबर आहे तुमचं" म्हणतील.

ता.क. २ : मोठं माणूस कशाला हवंय, मागणी घालायला की तक्रार ऐकायला, ते सरांनी सांगितलं नाही. आराधनाला विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत? तूच प्रार्थना कर, तुला छान जमते."

ता.क. ३ : तेव्हा येताना तुझा फ्रूटकेक आण. मागणी असेल तर तोंड गोड होईल. आणि तक्रारही असू शकते, म्हणून केक जरा घट्टच कर. कवळी लावलेला माणूस चावेपर्यंत तरी बोलणार नाही, तेवढ्यात तू बोलून घे.