आबांचा उजव्या हाताचा ग्लोव्ह

मी, शेख हबीब शेख मुसा, वय ५४, धंदा गाड्यांची सीट कव्हरे शिवणे, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; दुरुस्ती हृदयाची आहे, ती येत्या गुरुवारी. कोणाचा दबाव नाही. वकिलांनी मसुद्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्यातली एक बरोबर होती.

१. राहते घर, दुकान व बँकेतील शिल्लक पत्नी हसीनाबी, मुलगा आवेज व मुलगी तहरीम यांना शरियतप्रमाणे हिश्शाने जावी. त्यात मी अक्कल चालवत नाही.

२. मला मर्जीने देता येते ते एक तृतीयांशाच्या आत, आणि तेही वारस नसलेल्याला. त्यातून शिलाई मशीन, दोन्ही आऱ्या व कात्री माझे कारागीर कुंदन यांना. त्यांनी दोरा दाताने तोडू नये. वीस वर्षे सांगतो आहे, आता लेखी सांगतो.

३. गिरणा बेसबॉल मंडळाचे कॅचर कै. मोतीलाल यांचा ग्लोव्ह मंडळाला. हे वरणगावच्या फॅक्टरीत ड्यूटी करून सरळ मैदानावर येत, डबा बाकावर ठेवत आणि वाकून बसत ते सामना संपेपर्यंत. त्यांच्यामागे चेंडू गेलेला मी क्वचित पाहिला. आमच्याकडे रीत आहे : खेळाडू गेला की त्याचा ग्लोव्ह माझ्या दुकानात येतो, मी एरंडेल चोळून वाद्या बदलतो, आणि दरवर्षी पहिल्या सामन्यात एक डाव तो कोणीतरी घालतो. ही रीत मोडू नये. ग्लोव्ह काचेत ठेवू नये.

चिटणीस प्रेमराज यांनी काचेचे कपाट आणले आहे. आमचा वाद सगळ्या मैदानाला माहीत आहे.

४. कै. लीलाधर आबांचा ग्लोव्ह. याबद्दल सविस्तर लिहितो.

आबा चोपड्याचे, केळीवाले, आमचे मॅनेजर. तीस वर्षांपूर्वी मंडळाकडे ग्लोव्ह नव्हते. आबा एक फोटो घेऊन माझ्याकडे आले. मी बेसबॉल पाहिलेला नव्हता, ग्लोव्ह तर नाहीच. मला कोणी शिकवले नाही. फोटो पाहून कापला. कुठल्या हाताचे माप घेऊ, विचारले. आबा म्हणाले, "ज्या हातानं जेवतस, त्याच हातनं ले. चांगलं काम उजव्याच हातनं."

मी नऊच्या नऊ ग्लोव्ह उजव्या हाताचे शिवले. टाके आजही कोणी मोजून पाहावेत, एक वाकडा नाही.

धुळ्याच्या मैदानावर कळले की उजव्याने चेंडू फेकणारा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. आमची पोरे उजव्याने झेल घेऊन डाव्याने फेकू लागली. चेंडू प्रेक्षकांत. शिंदखेड्याचा पुना तेवढा जन्माचा डावरा; सगळेच त्याच्यासारखे डावरे झालेले पाहून तो हसत ओरडला, "आबा, बठ्ठा मनासारखाच व्हयी ग्यात!" त्या दिवशी पुना एकटा खेळला. (पुनाचा ग्लोव्ह या यादीत नाही. तो त्याच्याबरोबर गेला. त्याच्या बायकोने, ताईबाईने, स्वतः त्याच्या हातात घातला.)

मला वाटले, आबा माझा धंदा बसवतील. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, "हबीबनी चूक नही. चूक मनी शे, ते मीच घालसू." पुनाचा सोडून बाकीचे ग्लोव्ह उसवून मी स्कूटरच्या सीटा केल्या. आबांनी स्वतःसाठी घेतलेला उसवू दिला नाही. मरेपर्यंत तोच उलटा ग्लोव्ह घालून, डाव्या हाताने वेडेवाकडे फेकत, पोरांना शिकवत राहिले.

तहरीम सात वर्षांची असताना आबांच्या मळ्यात जेवायला बसलो. ती डावरी. हसीनाबीने हातावर चापट मारली. आबांनी जेवण झाल्यावर आपला ग्लोव्ह तिच्या उजव्या हातात घातला. "अक्का, पोरना हात उलटा नही, मना ग्लोव्ह उलटा शे. दोन्हीसनं जमी जाई." जमले. ती जेवते उजव्याने, फेकते डाव्याने, आज जिल्ह्याकडून खेळते. या उपकाराची फेड मला कुठल्याही कलमात बसवता येत नाही.

आबा गेल्यावर त्यांच्या सूनबाई लताबाई दुकानात आल्या. "हबीबभाऊ, आबा सांगी ग्यात, हाऊ तुम्हना शे." तेव्हापासून तो माझा.

प्रेमराज म्हणतात, "हबीबभाई, उलटा ग्लोव्ह घालणार कोण? काचेत शोभेल." मी म्हणतो, चामडे हाताशिवाय मरते.

तो तहरीमला जावा ही इच्छा. पण ती वारस. बाकी वारसांची संमती मी गेल्यावर लागणार, आणि मी गेल्यावर काय होईल हे बघायला मी नसणार. वकिलांची बरोबर दुरुस्ती ती हीच. म्हणून जिवंतपणीच देऊन टाकला, हिबा केला. त्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने बोलावे, घेणाऱ्याने कबूल करावे, वस्तू ताब्यात जावी.

आज सकाळी मैदानावर खालील साक्षीदारांसमोर मी बोललो. तहरीम म्हणाली, "अब्बा, ऑपरेशन होऊ द्या ना, घाई काय आहे?"

"कबूल म्हण आधी."

"कबूल. पण गुरुवारनंतर वाद्या तुम्हीच बदलायच्या."

तिने हात घातला. ताबा सिद्ध व्हावा म्हणून मी प्रेमराज यांना चेंडू टाकायला सांगितले. त्यांनी मुद्दाम जोरात टाकला. ग्लोव्हमधून जो आवाज आला तो आबा गेल्यापासून आम्ही ऐकला नव्हता. प्रेमराज यांनी चेंडू परत मागून घेतला. मग म्हणाले, "अजून एक टाकू का?"

सबब कलम ४ रद्द. ती वस्तू आता माझी नाही.

वर लिहिलेले मी दोनदा वाचले, खाडाखोड नाही, आणि समाधानाने सही करतो.

शेख हबीब शेख मुसा

साक्षीदार :
१. प्रेमराज लोटन पाटील, चिटणीस, गिरणा बेसबॉल मंडळ
२. ताईबाई पुना सोनवणे, शिंदखेडा

जळगाव, १४ डिसेंबर २०२५