पडद्यावरची सासू

कार्ल्सरूहे, जर्मनी,
६ मार्च १९६१

प्रिय आई,

इथली थंडी ओसरते आहे. प्रयोगशाळेतलं काम मार्गी लागलंय. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बटाट्यावर तुम्ही दिलेलं तिखट भुरभुरून जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? माळ्यावर चढू नका.

परवा शनिवारी विद्यार्थ्यांच्या मंडळानं एक जुना अमेरिकन मूकपट दाखवला. एक म्हातारे गृहस्थ पडद्याशेजारी पियानो वाजवत होते. थोड्याच वेळात लक्षात आलं, ही तर आपली कादंबरी. श्रीरंग गेल्यावरच्या उन्हाळ्यात तुम्ही वाचनालयातून तिचं भाषांतर आणलं होतंत. मी कोणाशी बोलत नव्हते. मी ऐकतेय की नाही हेही न बघता तुम्ही दुपारभर वाचत राहायचात. मुलगा तुमचा गेला होता, आणि सांभाळत होतात मला.

त्यातल्या तरुण विधवेला पुन्हा कोणी आवडतं आणि सासू तिच्या तोंडावर दार लावते. पडद्यावर तो प्रसंग आला आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. तिथे पुस्तक मिटून तुम्ही म्हणाला होतात, "ही बाई चुकली. मुलगा गेला म्हणून सूनही घालवायची?" दुसऱ्याच दिवशी माझं नाव कॉलेजात घालून आलात. लोक काय म्हणतील, असं काकांनी विचारलं, तेव्हा म्हणालात, "लोकांचं मी बघते, तुम्ही चहा घ्या." किती दिवसांनी मला हसू आलं होतं.

चित्रपटात ती शेवटी परमुलखात लग्न करते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू आवरेना, कारण त्या लग्नाला तिच्या घरचं एकही माणूस नव्हतं. शेजारी आत्माराम बसले होते. साताऱ्याचे, धरणांवर संशोधन करतात. मागे लिहिलं होतं मी. ते म्हणाले, "शेवट तर गोड झाला, मग?" परतताना मी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला उत्तर तुम्ही त्यांना विचारूनच द्या."

आई, त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. माझ्या मनात हो आहे. माहेरी अजून कळवलेलं नाही, आधी तुम्हाला लिहिते आहे. तुमचं पत्र आलं की त्यांना सांगेन आणि दिवाळीत आम्ही दोघं सांगलीला येऊ. एक मागणं आहे. कन्यादान तुम्ही करावं. विधवेच्या हातून ते होत नाही म्हणून भटजी कुरकुरतील, काकाही कुरकुरतील. कुरकुरू देत. तुम्ही नसतात तर मी आज कोणाचा हात धरायला उरलेच नसते. माझा हात दुसऱ्या कोणी त्यांच्या हाती दिलेला मला चालणार नाही.

तुमचीच लेक,
वसुधा