डाळ न शिजणारं पाणी

आर्णी, ९ ऑगस्ट १९६१. संध्याकाळ.

ओठ फाटलाय. सोमलाने फवारणीच्या पंपाची नळीच तोंडावर हाणली. मीही पडल्यापडल्या बादली उचलून त्याच्या कपाळावर घातली. रक्त बघून बरं वाटलं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार?

परवा त्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा पडला, म्हणून मी साबण-रॉकेलचं औषध करायला लावलं. तेलाला पाण्यात राहायचंच नसतं. साबण त्याचे थेंब धरून ठेवतो, म्हणून दुधासारखं होतं. मी शेतकी खात्याचा माणूस, पुस्तकं वाचलेला! विहिरीचं पाणी शेंदता शेंदता सोमलाची बायको झमकी म्हणाली, "सायेब, या पाण्यात डाळ शिजत नाई, साबणाले फेस येत नाई. नदीचं आणू काय?"

"तुला कोणी विचारलं?" मी खेकसलो.

मग बादलीत साबणाच्या गुठळ्या झाल्या, रॉकेल सुटून वर तरंगलं. मला दिसलं. दिसलं होतं! तिच्यासमोर थांबायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, मारा फवारा. नुसतं रॉकेल पानांवर गेलं. आज गेलो तर सगळं शेत करपलेलं.

डाळ शिजत नाही, म्हणजे पाणी जड, त्यात साबण फाटणारच. एवढं सरळ तिने सांगितलं, अजून काय सांगायचं होतं?

चौघांनी सोमलाला आवळून धरलं, तरी तो ओरडतच होता, "कायले आलता तू? कायले?" झमकी ओरडली नाही. नवऱ्याचं कपाळ बांधून झाल्यावर तिने माझ्यापुढे लोटा आदळला.

"धुवा तोंड. नदीचं हाये."