अडतीस मशीन आणि तुझी एक ओळ

सौ. ठकूबाईसाहेबांच्या सेवेशी, थोरल्या भावाचा (गुडघे साथ देतील तेवढा वाकून) नमस्कार.

खरं तर आशीर्वाद लिहायचे, पण गेले आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा सध्या आपल्यात मोठं कोण हे उघडच आहे. तुझी कंबर कशी आहे? मेहुण्यांचं घोरणं कमी झालं का? धाकटीचे पुढचे दोन दात आले असतील एव्हाना. मी ठीक आहे. आपलं भांडण मी उकरून काढत नाही. तू म्हणालीस, हृदयाच्या डॉक्टरांना दाखव. मी म्हणालो, माझ्या जिवाची उठाठेव तू करू नकोस. आणि तू ती खरोखरच थांबवलीस. जन्मात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस, तेही नको तिथे.

पत्र लिहायचं कारण ऑफिसातलं आहे. आमची कंपनी गिऱ्हाइकांना क्लाउडवर लिनक्सची मशीन भाड्याने देते, हे तुला माहीत आहेच. (लिनक्स तुला मीच शिकवलं, हे आता कबूल करायला जड जातंय.) गिऱ्हाईक मागेल तेव्हा नवं मशीन उभं राहावं म्हणून आधी एक साचा करून ठेवायचा, त्याला आम्ही इमेज म्हणतो, आणि त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. साचा नव्या कोऱ्या मशीनवरून करायचा असा नियम आहे. पण माझ्या टेबलावरच्या जुन्या मशीनमध्ये सगळं आयतं लावलेलं होतं, म्हणून मी त्याचाच साचा केला. आळशी माणसाला काम कसं दुप्पट पडतं ते आता ऐक. पहिली प्रत सुरूच होईना. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ, तिच्याकडे मी दोन दिवस बघत बसलो. दुसरी सुरू झाली, पण नेटवर्कला जोडेना, कारण ती माझ्याच मशीनचं जुनं नेटवर्क कार्ड शोधत होती आणि मिळालं नाही म्हणून रुसून बसली होती. (घराण्याचा गुण, दुसरं काय.) मग प्रती नेटवर्कला लागल्या, पण सगळ्यांचा ओळख क्रमांक एकच, त्यामुळे सगळ्यांना पत्ताही एकच मिळाला आणि त्या एकमेकींना ढकलून बाहेर काढू लागल्या. शेवटी मशीनने काय काय विसरायचं याची यादी करून मी ओळख क्रमांक पुसला, आत शिरायच्या गुप्त किल्ल्या पुसल्या, जुन्या नोंदी पुसल्या, आणि साहेबांना सांगितलं की साचा आता आरशासारखा स्वच्छ आहे. दोन महिन्यांत त्यावरून अडतीस मशीन गेली.

तर मागच्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची तक्रार आली. रोज सकाळी नऊला त्यांच्या मशीनवरून त्यांना मेल येते: ‘दादा, औषध घेतलंस का? नुसतं हो म्हणू नकोस, उठून घे.’ मग फर्निचरवाल्याची आली, मग नाचाच्या क्लासवाल्यांची. साहेबांनी मीटिंग बोलावली. कोणीतरी बाहेरचा माणूस आपल्या मशीनमध्ये शिरलाय, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि त्याच्यावर दोन पानी अहवालही लिहिला, ‘अत्यंत धूर्त, आपल्या कामाची बारकाईने माहिती असलेला.’ तीन दिवस मी त्याच्या मागावर होतो. चौथ्या दिवशी, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, मशीन ज्याचं त्याला रोज नऊला मेल पाठवणारी ती ओळ सापडली. खाली तुझी टीप: ‘खोडलंस तर बघ. – ठकी.’ मला चक्कर आली होती तेव्हा तू येऊन राहिलीस, तेव्हा घातलेली ओळ. भांडणानंतर मी ती मेल न वाचता कचऱ्यात जाईल अशी सोय केली आणि विसरून गेलो. मूळ ओळ होती तिथेच होती. मशीनने काय विसरायचं याच्या माझ्या यादीत तू नव्हतीस.

साहेबांपुढे सगळं सांगावं लागलं. ते अहवाल चाळत म्हणाले, "या बाई आपल्याकडे नोकरी करतील का, विचारून बघा." त्याच दुपारी मी अडतीसही मशीनमधून ती ओळ काढली.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या घड्याळजींचा फोन आला. (त्यांच्या दुकानाची वेबसाइट आमच्याकडे आहे.) मला वाटलं, उशिराने आलेली तक्रार असेल. ते म्हणाले, दोन दिवस मेल नाही. घरात विचारणारं कोणी नाही, त्यामुळे त्या मेलमुळे ते मधुमेहाची गोळी वेळेवर घ्यायला लागले होते. मी माफी मागितली, चूक कशी झाली ते समजावलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ते असू द्या हो. पण ती मुलगी बरी आहे ना?"

ठके, आठ महिने तू कशी आहेस हेच मला माहीत नाही. चौकशी करून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. मला तुझी फार आठवण येते. तेव्हा निदान घड्याळजींसाठी दोन ओळी लिही.

मेहुण्यांना नमस्कार, धाकटीला गालगुच्चा.

तुझा,
दादा

ता. क. घड्याळजींच्या मशीनवर ती ओळ त्यांच्या परवानगीने परत घातली आहे. ‘दादा’च्या जागी ‘काका’ केलं, बाकी दटावणी तुझीच.

ता. क. २. वर ‘मी ठीक आहे’ लिहिलंय ते खरं नाही. गेले सहा महिने मी औषध घेतच नव्हतो. परवापासून पुन्हा सुरू केलंय. जिना चढताना दोनदा थांबावं लागतं.

ता. क. ३. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या बारा तारखेला सकाळी दहाची. सोबत घरचं कोणीतरी आणा म्हणाले आणि तिथल्या तिथे नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. न विचारता सांगितलं म्हणून भांडायचं असेल तर साडेनऊलाच ये, मी दवाखान्याच्या दारात उभा असेन.