आकाशाबद्दलची माहिती निरंक

बाबा, परवा माहितीच्या अधिकारातल्या माझ्या अपिलाचंही उत्तर आलं. पहिल्या अर्जासारखाच एक शब्द, निरंक. गावचे पोलीस पाटील म्हणून तुम्ही ठाण्यात दिलेल्या अहवालाची प्रत मागितली होती. शिवाय आकाशात दिसलेल्या, ओळख न पटलेल्या वस्तूंबद्दल आपल्या जिल्ह्यातून आणखी किती कागद वर गेले, त्यांचं पुढे काय झालं, हेही विचारलं होतं. म्हणे असं काही नोंदीतच नाही. शिक्का मात्र ठळक मारला आहे. तो कागद हातात धरायचीही किळस आली.

ती वेचणीची दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. कापूस बोंडातून लोंबतो आहे आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या लिंबाच्या वर एक करडी, गुळगुळीत वस्तू थांबली आहे. आवाज नाही, पंख नाहीत. तिची सावली पऱ्हाटीवर पडलेली. बाकीचे तोंड वासून उभे, आणि तुम्ही त्या सावलीच्या काठानं चालत पावलं मोजता. मग ती वस्तू सरळ वर जाते, आणि वेचणारी एक बाई म्हणते, "पाटील, कापसाचा भाव तर नाही गेला ना वर?" तुम्हीही हसता.

संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही अहवाल लिहिला. मी म्हटलं, "काय होय ते तर लिहा." तुम्ही म्हणालात, "ते मले ठाव नाही. दिसलं तेवढंच लिहाचं."

मला सोबत घेऊन तुम्ही तो ठाण्यात नेलात. तिथल्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "पाटील, सकाळीच घेतली का?" गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला! तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, मले समजलं नाही म्हणूनच लिहून आणलं. तुमाले समजत असन तर सांगा." साहेबांनी साक्षीदार मागितला. बाया दुसऱ्या गावाला वेचणीला गेलेल्या. साहेब माझ्याकडे वळले. तेव्हा पुसदच्या पाहुण्यांकडे माझं लग्न जुळत होतं. मी म्हणालो, "मी खाली पाहत होतो साहेब."

आठ दिवसांनी आरोग्य खात्याची बाई दारात आली. त्या वर्षांत मन खचलेल्या शेतकऱ्यांची यादी चालू होती, आणि तीत तुमचं नाव घातलं होतं. "बाबाजी, झोप लागते का? उगाच काही दिसते का?" तुम्ही म्हणालात, "झोप लागते बाई. माह्या कागदाचं काय झालं, ते सांग." तिला कुठलं ठाऊक? पुढे पारावर पोरंसोरंही विचारायची, "पाटील, आज काही उतरलं का?" जे खरोखर मनानं मोडले होते, त्यांच्यासाठीची ती यादी. एका शुद्धीतल्या माणसाचा कागद गाडायला ती वापरली, याचा संताप अजून जात नाही.

मी काही परग्रहावरचे पाहुणे मागत नाही. फुगा असेल, लष्कराचं यंत्र असेल. गुप्त असेल तर गुप्त आहे म्हणा, कळलं नसेल तर कळलं नाही म्हणा. 'ठाव नाही' एवढं लिहायला तुम्हाला लाज वाटली नाही, मग एवढ्या मोठ्या सरकारला का वाटावी? लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं, लोकांनीच लिहून दिलेलं, ते लोकांपासून लपवायचं आणि वर त्यांनाच वेडं ठरवायचं, हे मला ओंगळ वाटतं.

पण अपिलाच्या सुनावणीत तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हणालो, "नाही साहेब, वडिलांनी पाहिलं."

ठाण्यातून परतताना तुम्ही एसटीतून उतरल्यावर फक्त विचारलंत, "चहा घेतं काय?" जो कधी दिसला नाही, त्या देवाला मी रोज सकाळी हात जोडतो, आणि जे दिसलं ते दोनदा नाकारलं.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्ही राहिला नाहीत, आणि साक्ष म्हणून कचेरीत देण्याची हिंमत नाही. बाबा, त्या दुपारी तुम्ही वाकून कापूस वेचत होतात. "बाबा, वर पाहा," असं ओरडणारा मीच होतो.